देवकुळे सिस्टरची सुट्टी

“हं, बोला पटापट. यंदा कोणाचं घर वाट बघतंय?” इनामदार बाईंनी विचारलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

चादरींच्या खोलीत आम्ही सगळ्या दाटीवाटीनं बसलो होतो. दिवाळी तोंडावर आली की आमच्या वॉर्डात ही बैठक व्हायचीच. इनामदार बाई म्हणजे पुरुष वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. सुट्ट्या त्या वाटायच्या आणि वाटायची त्यांची ही रीत. ज्यांच्या घरी लेकरंबाळं, म्हातारे सासूसासरे, त्यांनी हात वर करायचा आणि आपली अडचण सांगायची. ज्याचं घर जास्त वाट बघतंय त्याला सुट्टी. ऐकायला किती गोड, नाही? बाईंना या रीतीचा भारी अभिमान. दुसऱ्या वॉर्डांत जाऊन सांगायच्या, “माझ्याकडे भांडण नाही, तंटा नाही. सगळं कसं समजुतीनं.”

मी त्या वॉर्डात आयाबाई. नाव अनसूया, पण पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची अनुमावशी. बैठकीत मला कोणी काही विचारत नव्हतं. पण चहा मी आणलेला, त्यामुळे दाराशी बसून ऐकायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

पहिला हात बाबर सिस्टरचा. तिचा हात नेहमीच पहिला.

“बाई, माझा धाकटा अजून माझ्याशिवाय अभ्यंगाला बसत नाही हो. मागच्या वर्षी नुसता रडून रडून लाल झाला होता.”

“मागच्या वर्षी तू घरीच होतीस की,” मी दारातून म्हटलं.

सगळ्या हसल्या. बाबरही हसली. तशी ती वाईट नव्हती हं, उगाच खोटं कशाला बोलू? तरुण पोर, दोन लेकरं, घरात सासूची कटकट. तिला मागायची सवय लागली होती आणि तिला द्यायची बाकीच्यांना, एवढंच.

एकेकीनं सांगितलं. कोणाची सासू आजारी, कोणाचा नवरा सैन्यातून यायचा. बाई मान डोलवत होत्या, हसत होत्या, “बरं बरं, तू पाडव्याला जा,” असं सांगत होत्या. शेवटी उरायची ती देवकुळे सिस्टर. दरवर्षी बाईंना तिला विचारावंही लागायचं नाही. ती आधीच म्हणायची, “मी आहे ना बाई. चारही दिवस लावा मला.” मग बाई तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. “समजूतदार आहे गं माझी देवकुळे!” झाली बैठक.

त्या दिवशी देवकुळे सिस्टरनं हात वर केला.

कोपऱ्यात चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती. हात वर म्हणजे किती, कानाच्या वर जेमतेम. पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. एक पोरगी फिसकन हसली आणि तिनं तोंडावर पदर धरला. तुला कोण गं, असंच तिच्या मनात आलं असणार. नवऱ्यानं लग्नानंतर वर्षभरात घराबाहेर काढलेली बाई, मूल नाही, दवाखान्यामागच्या क्वार्टरात एक खोली. हिचं कुठलं घर वाट बघणार?

“तू?” इनामदार बाई म्हणाल्या. “काय गं, काय काढलंस?”

“मला भाऊबीज हवी होती बाई. एकच दिवस. बोरजाईला जाऊन येते.”

“अगं पण जालिंदर दरवर्षी इथंच येतो ना तुझ्याकडे?”

ते खरं होतं. जालिंदर तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा पोरगा पाळण्यात होता, हिनंच त्याला मांडीवर वाढवलेला. नर्सिंगला आली तेव्हा त्याला शाळेत घालून आली, आणि पुढं त्याचं लग्नसुद्धा हिनंच लावून दिलं. दर भाऊबीजेला तो मोटरसायकलवर यायचा, वॉर्डाच्या मागच्या जिन्यावर बसायचा. ही सलाईन बदलून पळत पळत खाली जायची, मी ताट धरायची, ती ओवाळायची. तो कधी साडीचा पीस, कधी नुसती पेरूंची पिशवी घालायचा ताटात. पुन्हा धावत वर. किती वर्षं तो जिना आमच्या देवकुळे सिस्टरचं माहेर होता बघा.

“यंदा त्याला येववत नाही,” ती म्हणाली. “किडनीचं आहे त्याचं. मोटरसायकलवर बसवत नाही आता. म्हणाला, अक्का, यंदा तू ये. मी पाट मांडून ठेवतो.”

एवढंच सांगितलं तिनं. तिच्या जागी दुसरी असती तर डोळ्याला पदर लावला असता, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं असतं. हिला मागायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, गरज आहे एवढं सांगितलं की पुरे.

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “बरं. जा तू भाऊबीजेला. बाबर, त्या दिवशी सकाळी तू येशील.”

बाबरचं तोंड उतरलं.

आता देवकुळे सिस्टर कशी होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सकाळची ड्यूटी आठला सुरू व्हायची. ही त्याच्या कितीतरी आधी यायची आणि प्रत्येक खाटेपाशी जाऊन उभी राहायची. कोण रात्रभर जागा होता, कोणी जेवण तसंच ठेवलं, कोणाचा मुलगा भेटायला आला नाही, सगळं तिला ठाऊक. दुपारी दोनला सुटायचं, तर बाबर तिच्या पोरांची शाळा सुटेपर्यंत काही यायची नाही. तोवर ही थांबायची. आणि बाबर आली की कागद नुसता हातात द्यायची नाही. तिला हाताला धरून अवघड पेशंटपाशी न्यायची, तिचा हात त्याच्या कपाळावर ठेवायची. म्हणायची, “हा बघ, आत्ता असा आहे. तासाभरानं पुन्हा हात लाव, म्हणजे फरक कळेल.” आमच्या वॉर्डात ती पद्धतच पडून गेली होती. हाताला हात द्यायचा आणि मगच घरी जायचं. बाहेरून शिकायला आलेल्या पोरी बघून चकित व्हायच्या.

हे सगळं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि नाव मात्र इनामदार बाईंच्या वॉर्डाचं व्हायचं.

दिवाळीच्या आधी ती माझ्या घरी आली. करंज्या करायच्या म्हणाली, क्वार्टरातल्या स्टोव्हवर तळणं नको. जालिंदरला मीठ बंद, तर त्याच्यासाठी बिनमिठाचं पीठ वेगळं, वहिनीसाठी वेगळं, भाचीसाठी चिमण्यांच्या आकाराच्या छोट्या छोट्या. लाटता लाटता गाणं गुणगुणत होती. मी म्हटलं, “सिस्टर, तुम्हाला गाता येतं?” तर लाजली. त्याच्यासाठी तिनं बंडी घेतली होती, गरम, कारण त्याला आता थंडी फार वाजायची. मला पिशवीतून काढून दाखवली. अशी हरखलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

आणि पाडव्याच्या दुपारी बाबर सिस्टर रडत रडत इनामदार बाईंच्या टेबलाशी उभी.

“बाई, माझा भाऊ पुण्याहून गाडी घेऊन येतोय उद्या. त्याला सुट्टी नसते हो कधी. सासूबाई म्हणतात, भाऊ दारात आणि तू दवाखान्यात, शोभतं का? पोरं कालपासून मामा मामा करतायत.”

मी फरशी पुसत होते. देवकुळे सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन पलीकडे उभी होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला.

बाईंनी बाबरकडे पाहिलं, मग देवकुळेकडे. आणि उठून तिच्यापाशी आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवला तिथंच मी ओळखलं.

“देवकुळे, ऐक ना. तू परवा जा. परवा काय आणि उद्या काय, भाऊ कुठं पळून जातोय का? तिच्या घरात लहान मुलं आहेत. तुला तर माहितीये तिची सासू कशी आहे ते.”

“बाई, तुम्ही हो म्हणाला होतात.”

“म्हणाले होते गं. पण तू समजूतदार आहेस म्हणून तुलाच सांगते ना? दुसरीला सांगितलं असतं तर तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला असता.”

माझ्या तोंडाला कुलूप नाही, कधी नव्हतंच. मी फडकं बादलीत आपटलं आणि म्हटलं, “बाई, हे काही बरोबर नाही. जी गप्प बसते तिच्याच माथी मारायचं, हा कुठला न्याय? तिचा भाऊ आजारी आहे.”

“मावशी, तुम्ही तुमची फरशी बघा,” बाई म्हणाल्या. रागानंसुद्धा नाही, अगदी सहज.

देवकुळे सिस्टर काय म्हणाली सांगू? “बरं बाई,” म्हणाली. आणि ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

संध्याकाळी तिनं वॉर्डातल्या फोनवरून बोरजाईच्या दुकानात फोन लावला. जालिंदरला बोलवून आणेपर्यंत कानाला फोन धरून उभी. मला तिकडचं ऐकू येत नव्हतं, हिचंच येत होतं. “हो रे... नाही रे, पेशंट खूप आहेत... नाही, तू नको वाट बघू... जेवून घे वेळेवर... परवा येते ना, परवा नक्की.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “मावशी, तो काही बोललाच नाही. बरं म्हणाला फक्त.” दोघांचीही तीच जात, दुसरं काय!

भाऊबीजेला ती दिवसभर वॉर्डात होती. सगळं नेहमीसारखं केलं. मी दोनदा मागच्या जिन्याकडे बघितलं आणि मलाच कसंतरी झालं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. एक रात्र राहून परत आली तेव्हा करंज्यांचा डबा तसाच परत आणला होता. चादरींच्या खोलीत मला बोलावलं, दार लोटलं आणि सांगितलं. भाऊबीजेच्या दिवशी जालिंदर सकाळीच आंघोळ करून पाटावर बसला होता. भिंतीला टेकून. वहिनी म्हणाली, अहो, अक्का उद्या येणार आहेत. तर म्हणाला, येईल, तिनं नाही म्हटलं की ती येतेच, मला ठाऊक आहे. दिवे लागले तरी तो उठेना. शेवटी वहिनीनं आणि शेजाऱ्यानं उचलून त्याला अंथरुणावर नेलं. आणि ही गेली त्या दिवशी त्याला उठून बसवेना.

“झोपलेल्या माणसाला ओवाळत नाहीत ना मावशी,” ती म्हणाली. “दोन उशा लावल्या, तिघांनी धरलं, पण मान ठरेना. मी ताट घेऊन बसले होते. निरांजन विझलं. मग तोच म्हणाला, राहू दे अक्का, पुढच्या वर्षी.”

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. मीच रडत होते आणि ती माझ्या पाठीवर थोपटत होती.

जालिंदर त्यानंतर महिनाही काढू शकला नाही. वहिनी पोरीला घेऊन माहेरी गेली ती तिकडचीच झाली, बोरजाईच्या घराला कुलूप लागलं. आम्ही सगळ्या जणी देवकुळे सिस्टरला भेटायला गेलो. बाबर तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. इनामदार बाई म्हणाल्या, “मला कल्पनाच नव्हती गं एवढं असेल. तू सांगायचंस ना!” त्यावर देवकुळे सिस्टरनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मला ते बघणं अजून विसरता येत नाही.

सुट्टी संपवून ती कामावर आली, बरोबर आठला. आधी नाही.

पहिले काही दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. दुःखात आहे, असं सगळे म्हणाले. पण मला कळत होतं. काम ती चोख करायची. इंजेक्शन वेळेवर, गोळ्या वेळेवर, कोणाला उलटून बोलणं नाही. पण वेळेबाहेर एक पाऊल नाही. दोन वाजले की पुढच्या सिस्टरच्या हातात कागद द्यायचा, पुढची आली नसली तर इनामदार बाईंच्या टेबलावर ठेवून सांगायचं आणि निघायचं. तो हाताला हात द्यायचा प्रकार बंद झाला. ती करेना, म्हणून दुसऱ्याही करेनाशा झाल्या. खरं म्हणजे दुसऱ्यांनी तो तिच्यासाठीच चालवला होता. आणि एक गंमत बघा, गंमत कसली, पण बोलायची पद्धत आहे. ज्या पोरी आधी एकमेकींची कामं हसत करायच्या, त्याही आता मोजायला लागल्या. माझं का, तिचं का नाही? गेल्या वेळी मी थांबले होते, आता तू थांब. देवकुळेचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. द्यायला कोणाचाच हात पुढे येईना. पेशंटचे नातेवाईक पाण्यासाठी हाका मारायचे आणि ही तिच्याकडे, ती हिच्याकडे बोट दाखवायची. डॉक्टर राउंडला येऊन ओरडायला लागले. ज्या वॉर्डाचं नाव सगळ्या दवाखान्यात होतं, त्या वॉर्डात आता बदली नको म्हणून पोरी अर्ज द्यायला लागल्या.

आणि मग शेलार आजोबा पडले.

आजोबांना रात्रीपासून भ्रम होत होता. उठायचे, घरी जायचं म्हणायचे. देवकुळे सिस्टरनं सकाळपासून त्यांना सांभाळलं. दोन वाजता बाबर आली नव्हती. तिनं कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, “सात नंबरला भ्रम आहे, एकटं सोडू नका.” बाई म्हणाल्या, हो. ती गेली. पाच मिनिटांत बाईंना वरून मेट्रनचं बोलावणं आलं, बाबर येतेच आहे म्हणून त्या निघून गेल्या. मी तेव्हा एक पेशंट घेऊन एक्स-रेला खाली. आम्ही परत आलो तर आजोबा जमिनीवर, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि बाबर दारात पिशवी टाकून किंचाळतेय.

आजोबा वाचले, पण पुन्हा चालले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनामदार बाईंनी देवकुळेला सगळ्यांसमोर गाठलं. झोप झाली नव्हती त्यांची, डोळे सुजलेले.

“पाच मिनिटं, देवकुळे! पाच मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? तू अशी नव्हतीस गं. माणुसकी कुठं गेली तुझी?”

मला वाटलं आता ही पुन्हा “बरं बाई” म्हणणार.

“बाई, माझी ड्यूटी दोनला संपते,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू. “त्यानंतर मी थांबायचे ते माझ्या मनानं थांबायचे. इतकी वर्षं थांबले. तुम्हाला वाटलं ते आपोआपच होतं. मी एकदा एक दिवस मागितला होता. तो तुम्ही दिलात आणि परत घेतलात. का घेतलात, तर मी ओरडणार नाही म्हणून. आता मी कोणाचं काही घेत नाही आणि कोणाला काही देत नाही. यात माझं चुकत असेल तर तसं लिहून द्या.”

बाई तरी काय लिहून देणार? तिनं एकही नियम मोडलेला नव्हता.

मी तिच्या मागोमाग चादरींच्या खोलीत गेले. दार लावून ती गठ्ठ्यांवर पडली होती आणि अंग गदगदत होतं. भावाच्या वेळी जे आलं नव्हतं ते सगळं रडू त्या दिवशी आलं.

“मावशी, आजोबांना मी सकाळी पेज भरवली हो. माझा हात धरून ठेवला होता त्यांनी. दोन वाजता मी तो सोडवून घेतला.” आणि मग म्हणाली, “मला परत पहिल्यासारखं व्हायचंय, पण होताच येत नाही. मी वाईट झालेय का हो मावशी?”

काय सांगू मी तिला? वाईट कसली, तिला आतून कोणीतरी रिकामी करून टाकली होती. पण ते मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नाही. मी म्हटलं, “नाही गं बाई,” आणि तिचे केस सारखे केले.

त्यानंतर इनामदार बाई बदलल्या, हे मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगीन. शेलार आजोबांच्या खाटेशी जाऊन बसायच्या रोज. आणि पुढची दिवाळी आली तेव्हा बैठकीत त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. म्हणाल्या, आजपासून सणाच्या सुट्ट्या आळीपाळीनं. लेकरं असोत नसोत, सासू कशीही असो. एकदा ठरली की मीसुद्धा बदलणार नाही. “यंदा भाऊबीज देवकुळेची,” म्हणाल्या, आणि मान खाली घातली.

बाबर उठून उभी राहिली. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, “त्या दिवशी सकाळची ड्यूटी माझी. माझ्या भावाला मी कळवते, पुढच्या आठवड्यात ये म्हणून.”

सगळ्यांना किती बरं वाटलं सांगू! कोणीतरी देवकुळेच्या पाठीवर थाप मारली. ती हसली आणि म्हणाली, “बरं.” त्या गडबडीत कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही, की ही आता जाणार कुठं?

त्या भाऊबीजेला माझा भाऊ आला होता. ओवाळणं झालं, जेवण झालं, आणि दिवस कलायला लागला तशी मी त्याला बसवून द्यायला स्टँडवर गेले. त्याची गाडी गेली. वळले तर बाकावर देवकुळे सिस्टर. नवी साडी, केसात गजरा, मांडीवर पिशवी.

“अगं बाई! सिस्टर, गाडी चुकली का तुमची?”

“नाही मावशी,” ती म्हणाली. “सगळ्या वेळेवर सुटल्या.”

मी तिच्याशेजारी बसले. गजरा पार सुकून गेला होता. म्हणजे ही बाई सकाळपासून इथंच बसलेली होती!

“सकाळपासून?” मी विचारलं.

तिनं मान हलवली.

“खोलीवर तरी जायचं! नाहीतर माझ्याकडे यायचं! वेड्यासारखं काय हे?”

“खोलीवर कशी बसू? बाबर पहाटे मला सोडायला आली होती, ड्यूटीवर जायच्या आधी. माझी पिशवी तिनं उचलली. तिकीट काढायला निघाली होती, मी नको म्हटलं. म्हणाली, देवकुळे, मनसोक्त राहा, मी आहे वॉर्डात. तिची पोरं आज घरी आईशिवाय आहेत मावशी, माझ्यासाठी. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू, की मला जायला जागा नाही?”

“मग आधीच सांगायचं होतं बाईंना, की मला नको.”

“का नको?” ती एकदम माझ्याकडे वळली. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, पण तो सूर मी पहिल्यांदा ऐकला. “माझी होती ती. कोणी दया म्हणून दिलेली नाही. मी घेतली.”

मग पिशवीवरून हात फिरवत राहिली. वरून बंडीची बाही दिसत होती. ती वहिनीनं परत पाठवली होती म्हणे, घडी न मोडलेली.

तेवढ्यात बोरजाईची शेवटची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं घेत होता. देवकुळे सिस्टर उठली. पिशवी खांद्याला लावली, पदर सारखा केला, गाडीच्या दारापर्यंत गेली. मीही उठले, मला वाटलं, निदान भावाचं दार तरी बघून येऊ दे हिला, मी सोबत जाते. कंडक्टर म्हणाला, “चला ताई, वर या. बोरजाई ना?”

“नाही,” ती म्हणाली. “कोणी उतरतंय का बघत होते.”

गाडी फाटकाबाहेर पडून वळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग माझ्याकडे आली आणि माझ्या हाताला धरलं.

“चला मावशी,” म्हणाली. “उद्या मला सकाळची ड्यूटी आहे.”